पांढऱ्या टेकडीचं अस्तर

माझं तोंड तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. ऑफिसात मला पाठीमागे ‘मिरची’ म्हणतात. म्हणेनात का. एकोणीस वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बसून मी उपग्रहाच्या फोटोंवरून झाडोऱ्याचे नकाशे करतेय, आणि माझ्या नकाशात कोणाच्या बापाला चूक सापडलेली नाही अशी माझी मिजास होती. ती तीन वर्षांपूर्वी उतरवली माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलाय तो फक्त धूळ पुसायला.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. आता असं कोणी म्हणत नाही, नवराही हसतो, पण लग्नानंतर पहिल्या दिवशी तोंडातून तोच शब्द निघाला आणि चिकटला तो चिकटलाच. मामंजी रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं, दवाखाने, शाळा, जिन्यांचे कठडे, काय वाट्टेल ते रंगवलं. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून घरातल्या भिंतींच्या मागे लागलेत. तेव्हाच आमचं स्वयंपाकघर तीन वर्षांत चारदा रंगवून झालं होतं. मी ओरडते, ते ऐकून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडतात. माणूस बोलतो कमी, पण बघतो फार. कोणाच्याही घरी गेलो की हे आधी भिंतीकडे बघणार, मग माणसांकडे.

आता माझ्या कामाची थोडी फोड करते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हिरवं पान लाल उजेड खातं. लालच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना न दिसणारा आणखी एक उजेड असतो, तो मात्र पान परत फेकतं. उपग्रह हे दोन्ही उजेड मोजतो. दोघांची वजाबाकी करायची, तिला दोघांच्या बेरजेने भागायचं, शंभराच्या पट्टीवर आकडा काढायचा. आकडा मोठा तितकी जागा हिरवी. दाट रानात हे चोख लागतं. घोळ होतो तो विरळ झुडपांत, कारण दोन झुडपांच्या मधून माती दिसते आणि मातीचाही उजेड त्यात मिसळतो. काळी माती गप्प बसते, त्यामुळे तिच्यावरचं झुडूप आहे त्याहून जास्त उठून दिसतं. पांढरी माती इतकी चकाकते की तिच्यावरचं झुडूप पार हरवून जातं. म्हणून दुरुस्ती करावी लागते. खालच्या बेरजेत अर्धा, म्हणजे शून्य पूर्णांक पाच, मिळवायचा, आणि पट्टी बिघडू नये म्हणून आलेल्या उत्तराला दीडने गुणायचं. त्या अर्ध्याने मातीची बडबड बरीचशी दबते. हे मी दर वर्षी ऑफिसात नव्याने आलेल्यांना शिकवते, फळ्यावर लिहून, खडू आपटून.

शहराबाहेर दोन टेकड्या आहेत. पहिली काळ्या मातीची, आमची मापाची टेकडी. तिच्यावर जुनी झुडपं आपोआप टिकून आहेत, आणि नव्या लागवडी आम्ही तिच्याशी ताडून बघतो. दुसरी पांढरी. तिथे पूर्वी चुनखडी खणायचे. ती खणून, ओरबाडून सोडून दिलेली होती. सात वर्षांपूर्वी नऊ बायकांनी ती मागून घेतली आणि झुडपं लावली. अट अशी होती की चार वर्षांनी नकाशात पांढरी टेकडी काळीच्या निदान पाऊणपट हिरवी दिसली पाहिजे. दिसली तर ती बायकांकडे राहणार. नाही दिसली तर परत खाणीला जाणार. खाणवाले कागद घेऊन तयारच बसले होते. सोमवारी अकराला समितीची बैठक होती आणि समितीसमोर जाणार होता तो माझा नकाशा. काळी टेकडी अठ्ठ्याहत्तर, पांढरी बेचाळीस. पाऊण, म्हणजे बारा आणे सोडाच, धड नऊ आणेही नव्हते.

गुरुवारी दुपारी त्या नऊजणींची म्होरकी ऑफिसात आली. तिला सगळे टेकडीबाईच म्हणतात. पंचावन्नच्या आसपासची, काटक, उन्हाने रापलेली, पायात पुरुषी बूट. खांद्यावर दोरीचं भलंमोठं भेंडोळं. मी म्हटलं, ही काय मला बांधून न्यायला आली की काय.

“मॅडम, तुमच्या नकाशात माझी टेकडी उजाड दिसते म्हणे.”

“म्हणे नाही. दिसते.”

“पण ती उजाड नाहीये हो. मी मोजलीय.” तिने ते भेंडोळं माझ्या टेबलावर ठेवलं. माझ्या कागदांवर पांढरी धूळ पसरली. “या दोरीला शंभर गाठी आहेत. दोरी टेकडीवर आडवी टाकायची आणि किती गाठी झुडपावर पडल्या ते मोजायचं. मग पुढे सरकायचं. चाळीस ठिकाणी टाकली. शंभरातल्या छत्तीस गाठी झुडपावर पडतात. तुमच्या काळ्या टेकडीवरही टाकून आले, तिथे पंचवीसच पडतात.”

आता हे ऐकून माझे कान उभे राहायला हवे होते. कारण जमिनीवरचा झाडोरा मोजायची ती अगदी मान्य रीत आहे, पुस्तकातली. तिने ती कोणी न शिकवता स्वतःच्या डोक्याने शोधून काढली होती. पण मला दिसली फक्त टेबलावरची धूळ.

“बाई, आम्ही आठशे किलोमीटरवरून मोजतो. दोरीने टेकड्या मोजायला लागलो तर झालंच.”

“वरून माती आणि झाड वेगळं दिसतं का पण? माझी माती फार पांढरी आहे.”

“त्याची दुरुस्ती केलेली आहे,” मी अहवालातलं पान तिच्यापुढे नाचवलं. “हे बघा, इथे लिहिलंय. आणि उपग्रह कोणाच्या बाजूचा नसतो. तो खोटं बोलत नाही.”

“तो नसेल बोलत,” ती दोरी गुंडाळत म्हणाली, “पण त्याचं ऐकणाऱ्याला नीट ऐकू आलं पाहिजे ना.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं तोंडावर मला ऑफिसात कोणी बोललेलं नव्हतं. ती मात्र शांत होती. एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून तिने ती माझ्या हातात दिली. “काही निघालंच तर कळवा. नाहीतर सोमवारी सकाळपासून आम्ही झुडपं काढायला घेणार. खाणीचं मशीन यायच्या आत जेवढी वाचतील तेवढी वाचवू. मुळासकट काढली तर दहातली तीन जगतात, पण मशीनखाली एकही नाही.” चिठ्ठी मी पर्समध्ये कोंबली आणि ती गेल्यावर अर्धा तास टेबल पुसत बसले.

रविवारी सकाळी मामंजींनी स्वयंपाकघराची पाचवी आवृत्ती काढली होती. या खेपेला हिरवा. मी जेवणाच्या टेबलावर अहवाल उघडून सोमवारची तयारी करत होते, आणि वरून टपकन एक हिरवा थेंब पडला तो नेमका नकाशावर.

“मामंजी! अहो काय हे! उद्या साहेबांसमोर ठेवायचाय तो कागद!”

“अरे अरे,” म्हणत ते स्टुलावरून उतरले, खांद्यावरच्या फडक्याने थेंब टिपला आणि टिपता टिपता थांबले. त्या पानावर दोन नकाशे शेजारी शेजारी होते, डावीकडे दुरुस्तीआधीचा आणि उजवीकडे दुरुस्तीनंतरचा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“हे दोन कसले?”

मी सांगितलं. माझी चिडचिड चालू होती तरी सांगितलं, कारण मामंजी सहसा काही विचारत नाहीत. काळी माती, पांढरी माती, वर विरळ झुडपं, खालची माती वर बोलते, म्हणून दुरुस्ती.

“म्हणजे अस्तर,” ते म्हणाले. “रंगाचा एकच हात दिला की खालचं अस्तर बोलतंच.”

ते उठले आणि बाल्कनीतून एक फळकुट घेऊन आले. अर्धं काळं रंगवलेलं, अर्धं पांढरं. रंग किती झाकतो ते बघायला असं फळकुट त्यांच्याजवळ कायम असतं. त्यावर त्यांनी हिरव्याचा एक पातळ हात मारला. काळ्या अर्ध्यावर तो गडद, भरदार दिसला. पांढऱ्या अर्ध्यावर फिकट, असून नसल्यासारखा. ब्रश एक, डबा एक, हात एक.

“मामंजी, हे मला शिकवताय? माझं अख्खं आयुष्य यात गेलं. म्हणूनच तर दुरुस्ती करतो आम्ही.”

“केलीस का?”

“हे काय, लिहिलंय की इथे!”

“लिहिलंय ते दिसलं मला. केलीस का?”

आता मात्र मी पेन आपटलं. पण मामंजींना माझ्या आपटाआपटीची सवय आहे. त्यांनी रंगाने माखलेलं बोट कागदापासून वीतभर लांब धरलं आणि सावकाश म्हणाले, “हे बघ, सूनबाई. डाव्या नकाशात काळी बावन्न, उजव्यात अठ्ठ्याहत्तर. बावन्नचे निम्मे सव्वीस. बावन्न आणि सव्वीस अठ्ठ्याहत्तर. पांढरी डावीकडे अठ्ठावीस, उजवीकडे बेचाळीस. अठ्ठावीसचे निम्मे चौदा. म्हणजे दोन्हीकडे निम्म्याने वाढ. ही तिसरी जागा बघ, चाळीसचे साठ. सगळीकडे तेच. अस्तर काढून टाकलं असतंस तर काळ्यावर एक फरक पडला असता आणि पांढऱ्यावर दुसरा. ते बदलायला हवेत वेगवेगळे. हे तर खोलीतला दिवा मोठा करावा तसं झालंय.”

मी कागदाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग परत कागदाकडे. हा माणूस आयुष्यभर एका डब्यात दुसरा डबा मिसळत आलाय, निम्मा, पाव, सव्वा. त्याच्या डोळ्याने आकड्यांतलं प्रमाण उचललं होतं. माझ्यापुढे ते दोन नकाशे दोन वर्षं होते. मी रंग बघत होते, आकडे बघत होते, पण एकाशी एक ताडून कधी बघितलेच नव्हते. दुरुस्ती ‘झालेली’ होती ना!

लॅपटॉप उघडला. नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिलेला प्रोग्राम काढला. दुरुस्तीची ओळ जागच्या जागी होती, बेरजेत अर्धा मिळवा, दीडने गुणा. अगदी बरोबर. मग फोटोतले कच्चे आकडे उघडले आणि कपाळावर हात मारला. नऊ वर्षांपूर्वी उजेडाचे आकडे शून्य ते एकमध्ये यायचे, शून्य पूर्णांक काहीतरी. दोन वर्षांपूर्वी पाठवणाऱ्यांनी पद्धत बदलली. अपूर्णांकांना जागा फार लागते म्हणून सगळ्याला दहा हजारांनी गुणून ते पूर्णांकात पाठवायला लागले. आधी दहा हजारांनी भागून घ्यायचं असतं. ते मी केलंच नव्हतं. पांढऱ्या टेकडीची बेरीज होती सात हजार दोनशे, आणि माझा प्रोग्राम इमानेइतबारे त्यात अर्धा मिळवत होता. दर्यात खसखस! काळीची बेरीज तेवीसशेच्या आसपास, तिथेही तो अर्धा कुठल्या कुठे बुडालेला. उरलं काय, तर नुसतं दीडने गुणणं. आमच्याकडे दाट रान नाहीच, त्यामुळे आकडा शंभराच्या वर कधी गेला नाही, आणि कोणाला शंकाही आली नाही.

दहा हजारांनी भागून पुन्हा चालवला. काळी चोवीस. पांढरी पंचवीस.

शंभरात छत्तीस गाठी. टेकडीबाईची दोरी माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी तिला काय काय बोलले होते तेही.

“चहा टाकू?” मामंजींनी विचारलं.

मला रडूच फुटलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघ, मी सांगितलं नव्हतं? दीडशहाणी, म्हणाला असता, आणि या वेळी ते अगदी हिशेबाने बरोबर ठरलं असतं. मामंजींनी चहा टाकला. आधण येईपर्यंत फळकुट पुसत राहिले आणि म्हणाले, “मीसुद्धा एकदा अख्खा दवाखाना ओल्या भिंतींवर रंगवला होता. महिन्यात पोपडे. सगळं खरवडून पुन्हा केलं. डॉक्टर म्हणाला, कोणाला कळलं नसतं, वरून एक हात मार. मी म्हटलं, भिंतीला कळलंय.” लग्नाला बावीस वर्षं झाली होती, ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. त्या क्षणी मला हा माणूस इतका मोठा वाटला की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण मग त्यांनीच मला वेड्यात काढलं असतं.

चहा पिताना ते म्हणाले, “त्या बाईला आत्ता कळव.”

“उद्या कळवते. आधी साहेबांना सांगते, समितीत पक्कं होऊ दे. आज सांगायचं आणि उद्या काही फाटे फुटले तर?”

“तिला आजच कळायला हवं.”

“मामंजी, एका दिवसाने काय बिघडतंय?”

ते पुन्हा स्टुलावर चढले आणि भिंतीला लागले. खरं सांगते, फाट्यांची भीती नव्हतीच मला. मला लाज वाटत होती. गुरुवारी मी जिच्यापुढे पान नाचवलं तिला फोन करून ‘चुकलं माझं’ म्हणायला जीभ उचलत नव्हती. समितीचा निर्णय हातात असला की त्यामागे लपून बोलता आलं असतं. सोमवारी सकाळी झुडपं काढणार, असं ती माझ्या तोंडावर सांगून गेली होती. ते मला आठवत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला अजून विचारते.

सोमवारी साहेबांना बैठकीआधी गाठलं. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना गोंगाट आवडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाले, “असं करू, नवा फोटो आला, नवा आकडा आला, असं लिहू. टेकडी वाचली, काम झालं. बाकीच्या अहवालांचं हळूहळू बघू.”

मला डॉक्टर आठवला, तो वरून एक हात मारायला सांगणारा. म्हटलं, “नाही साहेब. मीच सांगते.”

आणि उभी राहून सांगितलं. समितीतले सहाजण, खाणवाल्यांचा एक वकील, आणि मी. चूक कुठे झाली, कोणाची, किती दिवस. कोणीतरी विचारलं, “म्हणजे दोन वर्षांतले सगळे अहवाल?” मी म्हटलं, “सगळे. अकरा आहेत. मी पुन्हा करून देते.” वकील उठला आणि म्हणाला की दुरुस्तीची दुरुस्ती आम्ही का मानावी. तेव्हा मी त्याला टेकडीबाईची दोरी सांगितली, शंभर गाठी, छत्तीस आणि पंचवीस, आणि म्हटलं, “तुम्ही स्वतः जाऊन टाका. दोरी फुकट आहे.” मिरचीचा असा उपयोग कधीतरी व्हायचाच होता. दीड वाजता निर्णय झाला. टेकडी आणखी पाच वर्षं बायकांकडे, आणि यापुढे नकाशासोबत दोरीची मोजणीही.

बाहेर येऊन चिठ्ठीवरचा नंबर लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. कोणी उचलेना. घरी येऊन गाडी काढली तर मामंजी आधीच बूट घालून जिन्यात बसलेले. “मीही येतो,” एवढंच म्हणाले.

टेकडीच्या पायथ्याशी एक छोटा टेम्पो उभा होता, त्यात पोती. ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या मुळांची झुडपं ओळीने उभी केलेली. वर चढलो. चढताना मी पहिल्यांदाच ती टेकडी जमिनीवरून बघितली. सोळा वर्षं नकाशे करून मी तिथे कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. कंबरेइतकी झुडपं, राखाडी-हिरवी, बारीक पानांची, प्रत्येकाच्या बुंध्याशी पांढऱ्या दगडांचं गोल आळं, पाणी धरायला. हजारो आळी, सगळी हाताने रचलेली. मामंजी वाकून एका झुडपाची पानं बोटांत धरून बघत होते, चांगल्या कामाकडे ते बघतात तसे, आणि म्हणाले, “काय हात आहे बायकांचा!”

पूर्वेच्या कडेला एक पट्टा खणलेला होता, सगळा पांढरा. नऊजणी तिथेच होत्या. टेकडीबाई कुदळ टेकून उभी राहिली. तिचा फोन दूर एका फांदीला लटकवलेल्या पिशवीत होता.

मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी होती, टेकडी वाचली, पाच वर्षं मिळाली. बाकीच्या आठजणी ओरडल्या, एकीने दुसरीला मिठी मारली. टेकडीबाई मात्र खाली दगडावर बसली. बराच वेळ तिने हातमोजे काढण्यात घालवला.

मग तिने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

‘आज’ म्हणता आलं असतं. समितीचं आजच झालं होतं, पूर्ण खोटंही ठरलं नसतं. मामंजी माझ्या मागेच उभे होते.

“काल,” मी म्हटलं.

“काल किती वाजता?”

“अकरा, साडेअकराला.”

तिने खणलेल्या पट्ट्याकडे बघितलं. “आज सकाळी सातला पहिली कुदळ मारली,” ती म्हणाली. “एकसष्ट झाली.”

ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. मी तिथे उभी होते आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. तिने दोन क्षण डोळे मिटले, हातमोजे पुन्हा चढवले आणि उठली. “चला ग, टेम्पोतली परत आणा. उन्हं उतरायच्या आत लावून होतील. मुळं अजून ओली आहेत.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, तुम्हाला आळं रचता येतं का?”

“नाही.”

“मग बसा इथे. दाखवते.”

दाखवलं. माझ्यावर ओरडायचं सोडून तिने मला दगड कसे लावायचे ते शिकवलं, उताराच्या बाजूला मोठा, वरच्या बाजूला फट. मामंजी त्या गुडघ्यांनी खाली बसले आणि पाण्याचा डबा धरून एकेका मुळाशी ओतत राहिले. माझी पहिली तीन आळी तिने पायाने मोडली आणि पुन्हा रचायला लावली. चौथं ठेवलं. एकसष्ट झुडपं परत लागली तेव्हा सगळ्यांचे चेहरे त्या मातीने पांढरे झाले होते.

त्यातली तेवीस जगली. अडतीस गेली.

पुढचा फोटो पाच दिवसांनी आला. दुरुस्त केलेल्या नकाशात पांढरी टेकडी सगळीकडे पंचवीसच्या आसपास, आणि पूर्वेच्या कडेला दोनच ठिपके आठवर. आमच्या नकाशात एक ठिपका म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर जमीन. माझी रविवारची लाज आठशे किलोमीटरवरून दिसत होती, आणि त्यात कसलीही चूक नव्हती. नकाशा अगदी बरोबर होता. साहेब म्हणाले, दोन ठिपके काय, सरासरीत जातील. मी त्यांना सरासरीत घातले नाहीत, अहवालात वेगळे लिहिले, कारणासकट.

त्याला आता तीन वर्षं झाली. अकरा अहवाल पुन्हा केले. नव्यांना दुरुस्ती शिकवताना मी आता फळ्याआधी मामंजींचं फळकुट टेबलावर ठेवते, अर्धं काळं, अर्धं पांढरं, आणि म्हणते, आधी हे बघा, मग दोन नकाशे ताडून बघा, मग माझ्यावर विश्वास ठेवा. एकदा खुद्द मामंजींना बोलावलं होतं. पाच मिनिटं बोलले आणि मग त्यांनी आमच्या खोलीच्या भिंतीतली ओल दाखवली. पुढच्या महिन्यात तिथला रंग पडला.

टेकडीवर दरसाल नवी झुडपं लागतात, त्या पट्ट्यातही लागली. आणि प्रत्येक ऋतूचा चांगला फोटो आला की मी टेकडीबाईला फोन करते. तिने तसं सांगितलेलं नाही, मीच करते, त्याच दिवशी, तासाभरात. अकरा, तेरा, सोळा, असे आकडे तिला सांगत आले. ती ऐकते, हं म्हणते, दोरीचा आकडा मला सांगते आणि फोन ठेवते.

आज सकाळी फोटो आला. मी आधी तेच दोन ठिपके उघडले. दोनदा तपासले, एकाशी एक ताडून पाहिले. मग फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

“बाई, तुमचे ते दोन ठिपके आज चोवीसवर आले. आजूबाजूच्या टेकडीएवढेच.”

पलीकडे वारा ऐकू येत होता. ती वरच कुठेतरी असणार.

“मातीसकट की माती वगळून?” तिने विचारलं.

“माती वगळून,” मी म्हटलं.

“मग खरं,” ती म्हणाली, आणि मला दोरीचा आकडा सांगायला लागली.